ड्यूकच्या वाढदिवसाला लेई घालायला येताय? मग एवढं वाचून या

जुलै संपत आला की हवाईत, होनोलुलूच्या कैमुकी भागातल्या आमच्या घरी फोन वाजायला लागतात. कधी कॅलिफोर्नियातली भाची, कधी तिच्या मैत्रिणी, कधी पुण्याहून सहलीला निघालेलं एखादं जोडपं. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, ऑगस्टमध्ये वाइकीकीला त्या ड्यूक नावाच्या सर्फरच्या पुतळ्याला हार घालतात म्हणे. आम्हाला जाता येईल का? तिकीट किती?"

तिकीट नाही. पुतळा कालाकौआ अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला उघड्यावर आहे, मागे कूहिओ बीच आणि शेजारी पोलीस चौकी. कुणीही यावं, उभं राहावं. तरी मी प्रत्येकाला एकच अट घालते. येताना लेई, म्हणजे इथला फुला-पानांचा हार, स्वतःच्या हातानं करून आणा. विकतची चालते, कुणी नाही म्हणत नाही. पण आदल्या संध्याकाळी जमिनीवर बसून दोन तास पानं वळली असली की दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथे प्रेक्षक म्हणून उभे राहत नाही. फरक तुमचा तुम्हालाच कळतो.

एक आधीच सांगते. ड्यूक काहानामोकूचा वाढदिवस 24 ऑगस्टला. त्याच्या नावानं वाइकीकीत सागरी खेळांचा उत्सव भरतो तोही याच सुमारास. पण हार घालण्याचा मुख्य कार्यक्रम नेमका कोणत्या सकाळी ते वर्षागणिक मागेपुढे होतं, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्या वर्षीची तारीख बघा. आणि ती चुकलीच तर हळहळू नका. त्या पुतळ्याच्या हातावर वर्षभर कुणाची ना कुणाची लेई असतेच. सर्फिंग शिकून परतलेला पोरगा घालतो, लग्न झालेलं जोडपं घालतं. मंगळवारी दुपारी एकट्यानं जाऊन घातली तरी ती तितकीच लागू.

माणूस कोण, ते माहीत असू द्या

समारंभात शेजारी उभी असलेली आंटी सहज विचारते, "तुला ड्यूकबद्दल काय ठाऊक?" (इथे वडीलधारी बाई म्हणजे आंटी आणि वडीलधारा पुरुष म्हणजे अंकल, नातं असो नसो. सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारू नका.) तेव्हा "मोठा सर्फर होता" एवढ्यावर गप्प बसायची वेळ येऊ नये.

ड्यूक हे त्याचं नाव, पदवी नव्हे. 1869 साली इंग्लंडचा राजपुत्र, ड्यूक ऑफ एडिंबरा, होनोलुलूला येऊन गेला. त्याच्यावरून याच्या वडिलांचं नाव ठेवलं होतं आणि तेच थोरल्या मुलाला मिळालं. जन्म 1890 चा. तेव्हा हवाई हे स्वतःचा राजा असलेलं राज्य होतं. पोरगा अडीच वर्षांचा होत होता तेव्हा, जानेवारी 1893 मध्ये, मळेवाल्या आणि व्यापारी गोऱ्यांनी राणी लिलिउओकालानीला गादीवरून उतरवलं. 1898 मध्ये अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली. ड्यूकनं ऑलिंपिकची पदकं जिंकली ती त्या अमेरिकेसाठी. समारंभाला येणाऱ्या म्हाताऱ्या हवाईयन मंडळींच्या मनात या दोन्ही गोष्टी एकदमच असतात, म्हणून तिथे "अमेरिकेचा महान सुपुत्र" वगैरे भाषा जरा जपून.

1911 च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूच्या बंदरात, गोदीच्या पाण्यात, तो 100 यार्ड 55.4 सेकंदांत पोहला. जागतिक विक्रमापेक्षा तब्बल 4.6 सेकंद कमी. मुख्य भूमीवरच्या अधिकाऱ्यांनी मान्यच केलं नाही. घड्याळं चुकली असतील, पाण्याला ओढ असेल, अशा शंका काढल्या. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला त्यानं 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि विषय मिटवला. 1920 ला अँटवर्पमध्ये पुन्हा दोन सुवर्णपदकं. 1924 ला पॅरिसमध्ये रौप्य, जॉनी वाइसमुलरच्या मागे. त्या शर्यतीत तिसरा आला तो ड्यूकचा धाकटा भाऊ सॅम. इथले लोक हे सांगताना रौप्यापेक्षा त्या कांस्यावर जास्त खूश असतात.

मग पुतळ्यामागे फळी का? लाटेवर उभं राहणं ही हवाईच्या सरदारांची आणि सामान्यांचीही जुनी विद्या. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांबरोबर आलेल्या रोगांनी माणसं मेली, मिशनऱ्यांनी उघड्या अंगाचे खेळ पाप ठरवले, आणि ही विद्या जवळजवळ बुडाली. वाइकीकीच्या ज्या थोड्या पोरांनी ती टिकवली त्यांत ड्यूक होता. पोहण्याच्या निमित्तानं तो जिथे गेला तिथे फळी घेऊन समुद्रात शिरला. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर 1914 च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबरात, त्यानं तिथेच मिळालेल्या पाइनच्या लाकडाची फळी तासून लोकांना सर्फिंग दाखवलं. ती फळी तिथल्या क्लबात अजून जपून ठेवली आहे. इथली त्याची स्वतःची कोआ लाकडाची फळी 16 फूट लांब आणि 114 पौंड, म्हणजे 50 किलोंच्या वर. हल्लीची पोरं काखेत मारून नेतात त्या फळ्या डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा वाचा.

मला स्वतःला त्याची एक गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. 14 जून 1925. कॅलिफोर्नियात कोरोना देल मारला खवळलेल्या समुद्रात ‘थेल्मा’ नावाची मासेमारीची बोट उलटली. 17 माणसं गेली, 12 वाचली. त्या 12 पैकी 8 जणांना ड्यूकनं फळीवर घालून, पुन्हा पुन्हा आत जाऊन बाहेर काढलं. तिकडच्या जीवरक्षकांनी फळी हे बचावाचं साधन म्हणून मनावर घेतलं ते त्यानंतर. पदकं विसरलात तरी चालेल, ही तारीख लक्षात ठेवा.

पुतळा 1990 चा, शताब्दीचा. नऊ फुटी ब्राँझ, हात पसरलेले, पाठीमागे उभी फळी, आणि तोंड रस्त्याकडे. समुद्राकडे पाठ! सर्फर कधी समुद्राला पाठ दाखवत नाही, यावरून तेव्हापासून आजतागायत वाद चालू आहे. तुम्ही त्यात पडू नका. ऐकायला मात्र मजा येते.

लेई: काय घ्यायचं, काय नाही

पहिलं म्हणजे फुलं, पानं, बिया बाहेरून आणू नका. हवाईत येणाऱ्या प्रत्येक वनस्पतीची नोंद द्यावी लागते आणि तपासणी होते. बेटांवरची झाडं बाहेरच्या किडीपुढे टिकत नाहीत, म्हणून ही काटेकोरी. दादरच्या फुलबाजारातली शेवंती कितीही टवटवीत असली तरी तिला घरीच ठेवा.

गंमत अशी की इथे येऊन फुलं बघितलीत तर अर्धी ओळखीचीच निघतात. पिकाके म्हणतात तो आपला मोगरा. राजकन्या काइउलानीला मोर आवडायचे आणि हे फूलही, म्हणून मोराचं नाव फुलाला पडलं. तीन-चार पदरी पिकाके इथे लग्नात घालतात आणि किंमत ऐकून आपल्या माणसाला घाम फुटतो. निशिगंध आहे. पांढरा-पिवळा चाफा तर अंगणोअंगणी. तो इथला मूळचा नव्हे, 1860 च्या सुमारास आणून लावलेला. आणि रुई! शनिवारी मारुतीला घालतो तीच मोठ्या फुलांची रुई. राणी लिलिउओकालानीचं हे आवडतं फूल. मधला पाच कोनांचा मुकुट तेवढा काढून ओवतात, एकावर एक बसवत, की हस्तिदंती मण्यांची माळ वाटावी. रुई करायची तर दोन गोष्टी पाळा. चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो आणि दिसायचंही धूसर होतं, म्हणून हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. आणि फांदीवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर ती फांदी सोडून द्या, ती मोनार्क फुलपाखरांची पोरं.

होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूचं स्वतःचं फूल इलिमा. पिवळं-केशरी, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ, एका पदराला शेकडो लागतात. आपल्या रानात चिकणा उगवतो त्याच कुळातलं. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका. ओहिआ लेहुआच्या लाल तुऱ्यांना तर हातच लावू नका. हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर बुरशीच्या रोगानं ही झाडं झपाट्यानं मरत आहेत आणि तोडलेल्या फांदीला जखम झाली की रोग शिरायला वाट मिळते.

वेळ नसेल तर चायनाटाऊनमध्ये माउनाकेआ स्ट्रीटवर जा, लेईवाल्यांची दुकानं ओळीनं आहेत. पुतळ्याला घालायची म्हणून सांगा, उघड्या टोकांची, लांब देतील. प्लास्टिकची, रिबिनीची, नोटांची लेई पदवीदान समारंभाला ठीक, इथे नको.

टी-पानांची लेई, घरच्या घरी

नवख्यानं करायची ती हीच. टी हे इथलं कुंपणाचं, देवाधर्माचं, औषधाचं झाड. चहाशी त्याचा काही संबंध नाही. घराच्या चारही कोपऱ्यांना लावतात. लांब, रुंद, चकचकीत हिरवी पानं. आपल्याकडच्या नर्सरीत त्याची लालसर पानांची भावंडं कॉर्डिलाइन म्हणून मिळतात. पानं ज्याच्या दारची त्याला विचारून घ्या. हॉटेलच्या बागेतली तोडू नका. शेंड्याची कोवळी आणि बुडाची जुनाट सोडून मधली, न फाटलेली, हातभर लांब अशी पंधरा पानं काढा. एका झाडाला बोडकं करायचं नाही, दोन-तीन झाडांवरून थोडी थोडी घ्यायची.

पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसा. मग पान पालथं घालून मधल्या जाड शिरेच्या दोन्ही कडांनी सुरी फिरवा. शीर बाजूला, हातात दोन लांब पट्ट्या. तीस पट्ट्या झाल्या की गुंडाळी करून पिशवीत घाला आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून बर्फ सुटून नरम होऊ द्या. गोठून सुटलेलं पान मऊ कातड्यासारखं वळतं, मोडत नाही, रंग थोडा गडद होतो. घाई असेल तर जाड टॉवेलमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा. जास्त गरम केलीत तर पान करपून वास सुटतो.

आता खाली बसा, पाय पसरून. दोन पट्ट्यांची टोकं एकत्र गाठ मारा आणि ती गाठ पायाच्या अंगठ्यात अडकवा. इथल्या सगळ्या आंट्या असंच करतात. खुर्चीत बसून, दाराच्या कडीला अडकवूनही होतं, पण ताण नीट येत नाही. उजव्या हातातली पट्टी उजवीकडे पीळ देत वळा, घट्ट, आणि ती डावीवरून पलीकडे टाका. आता जी उजवीकडे आली तिला पीळ, पुन्हा डावीवरून. एवढंच. पीळ एका दिशेला, पलटी उलट्या दिशेला, म्हणून दोर सुटत नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. काथ्याचा सुंभ वळताना पाहिलेल्यांना हे पहिल्या मिनिटात हाताला येतं.

पट्टी संपायला चार बोटं उरली की नवी पट्टी तिच्यावर ठेवून दोन्ही मिळून वळत राहा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच जागी संपू देऊ नका, नाहीतर तिथे लेई पातळ पडते आणि वाऱ्यानं तुटते. जोडाची टोकं बाहेर आली तर येऊ द्या, शेवटी कात्रीनं साफ करायची. कुणी ती मुद्दाम ठेवतात, पानांची झालर दिसते. आमच्या शेजारच्या आंटींना ती आवडत नाही, त्या म्हणतात झालर ठेवली म्हणजे कात्री सापडली नाही.

माणसाच्या गळ्यासाठी दीड मीटर पुरते. पुतळ्यासाठी तीन मीटर करा. दोन्ही टोकांना गाठ मारून लेई उघडीच ठेवा, वर्तुळ करू नका. नऊ फुटी पुतळ्याच्या डोक्यावरून बंद हार घालणार कसा? बहुतेकांच्या लेई त्याच्या पसरलेल्या हातांवर जातात. उघडी लेई मधोमध दुमडून मनगटावर टाकली की दोन पदर सुरेख लोंबतात.

त्यात फुलं गुंफायची असली तर सकाळी उमललेला चाफा घ्या, देठाचा चीक तासभर निथळू द्या, आणि सुती दोऱ्यात वेगळा पदर ओवून टीच्या दोराबरोबर सैलसर गुंडाळा. लेईची सुई क्राफ्टच्या दुकानात मिळते, वीतभराहून लांब, टोकाला बारीक आकडा. चाफ्यात ती देठाच्या भोकातून सरळ वर काढायची, पाकळीला टोचायची नाही, टोचली की तपकिरी डाग पडतो. दोरा सुतीच. नायलॉन किंवा दात साफ करायचा दोरा बरीच मंडळी वापरतात, मजबूत असतो हे खरं, पण फुलं मातीत गेल्यावर तो वर्षानुवर्षं उरतो आणि पक्ष्यांच्या पायात अडकतो.

आणि भांडत, चिडत, टीव्हीवर बातम्या लावून लेई करायची नाही. करणाऱ्याचं मन त्यात उतरतं असं इथे मानतात. माना किंवा न माना, नवरा-बायको दोघं मिळून करत असाल तर ही सूचना व्यवहाराचीच आहे.

त्या सकाळी

गाडी आणू नका. वाइकीकीत पार्किंग शोधण्यात समारंभ निघून जातो. बसनं या. भेटायची जागा हवी असेल तर मोआना हॉटेलच्या अंगणातला वड ठरवा, 1904 साली लावलेला, आपल्याकडचाच वड, आता अंगणभर पसरलेला. तिथून पुतळा चालत थोड्याच मिनिटांवर. आमच्यातल्या एका काकूंनी वटपौर्णिमेला त्याला दोरा गुंडाळायचा विचार बोलून दाखवला होता. हॉटेलवाल्यांना विचारा म्हटल्यावर विषय थांबला.

कपडे साधे, स्वच्छ. अलोहा शर्ट उत्तम. बायकांनी मूमू (इथला सैल झगा) किंवा सुती साडी, दोन्ही शोभतं. जरीची नको, चाफ्याचा चीक लागला की डाग जात नाही. नारळाच्या करवंट्यांची चोळी, प्लास्टिकचे गवती घागरे हे तर चुकूनही नको. दुकानात टांगलेले असतात म्हणून ते हवाईयन होत नाहीत.

पुतळ्याच्या जवळच कुंपणात चार मोठे दगड आहेत, कापाएमाहूचे. ताहितीहून आलेल्या चार वैद्यांनी आपली विद्या त्यांत ठेवली अशी कथा आहे. त्यांच्यावर पिशवी टेकवू नका, चढू नका. जादा लेई असेल तर एक तिथेही ठेवली तर चांगलंच.

समारंभ सहसा शंखानं सुरू होतो. हो, शंखच, इथे त्याला पू म्हणतात. आवाज आपल्यापेक्षा खोल. मग ओली, म्हणजे वाद्याशिवायचं मंत्रासारखं पठण, आणि पुले, प्रार्थना. ओली चालू असताना उभं राहायचं, टोपी काढायची, फोन खाली, आणि मध्येच टाळ्या नाहीत. संपली की कळतं. भाषणं होतात, त्यांतली काही लांबतात, त्याबद्दल मी काही करू शकत नाही. मग हार. आधी घरची माणसं, कुपुना म्हणजे वृद्ध मंडळी, होडी आणि सर्फिंगचे क्लब. हुइ नालू हा ड्यूकनं मित्रांबरोबर काढलेला क्लब, 1911 पासूनचा, त्यांचा मान मोठा. आपला नंबर सगळ्यांच्या शेवटी. पुढे घुसू नका, कुणी "या, या" म्हणून बोलावलं तर मात्र आढेवेढे घेऊ नका.

लेई दोन्ही हातांनी न्यायची. हातावर ठेवली की क्षणभर थांबा, मनात जे म्हणायचं ते म्हणा, मग बाजूला व्हा. फोटो दुसऱ्यानं काढावा. स्वतःचा फोटो बरा यावा म्हणून आधीच्या लेई सरकवणं, आपली वर ओढणं, हे मी पाहिलं आहे आणि पाहणाऱ्या सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

तिथे कुणी तुम्हालाही लेई घालेल. मान थोडी वाकवा, घालू द्या, गालाला गाल लावून आभार माना. आपल्या पुरुष मंडळींची इथे फार धांदल उडते, हात पुढे करावा की नमस्कार करावा. गाल पुढे करा, दोन सेकंदांचं काम आहे. लेई पुढे-मागे सारखी लोंबेल अशी खांद्यांवर ठेवायची, नेकलेससारखी पुढे ओढायची नाही. नको म्हणायची नाही, आणि देणाऱ्याच्या समोर काढायची तर मुळीच नाही. फुलांची अ‍ॅलर्जी असेल तर हातात घ्या आणि कारण सांगा. बरोबर कुणी गरोदर असेल तर तिला उघड्या टोकांची लेई देतात. बंद वर्तुळ म्हणजे नाळेचा वेढा, असा समज आहे.

फळी घेऊन समुद्रात जाणार असाल तर

काही वर्षी, काही निमित्तानं, सर्फर मंडळी फळ्यांवर आत जाऊन पाण्यात वर्तुळ करतात. त्याला पॅडल-आउट म्हणतात. ही वाइकीकीत विसाव्या शतकात रुळलेली रीत, आणि ड्यूक 22 जानेवारी 1968 ला गेला तेव्हा त्याच्या अस्थीही होड्यांनी याच पाण्यात नेऊन सोडल्या. किनाऱ्यावर तेव्हा हजारो माणसं उभी होती.

लाटेच्या मागे, पाय टेकत नाही तिथे, अर्धा तास फळीवर बसून राहता येत असेल तरच जा. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून लाटा येतात, खाली प्रवाळ आहे. एक-दोन धड्यांवर विसंबून जायचं हे ठिकाण नव्हे. किनाऱ्यावरून टाळ्या वाजवणाऱ्यांचीही गरज असते. सनस्क्रीन इथलंच घ्या. प्रवाळाला घातक अशी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला 1 जानेवारी 2021 पासून हवाईत बंदी आहे. घरून आणलेल्या बाटलीवर ही नावं असतील तर ती बॅगेतच राहू द्या.

लेई गळ्यात पुढे ठेवून पोटावर झोपलात तर फुलांचा चेंदा होतो. ती पाठीवर फिरवा, किंवा दातात धरा. वर्तुळ झालं की फळीवर बसून शेजाऱ्यांचे हात धरायचे. कुणी दोन शब्द बोलतं, मग आरोळी, पाण्यावर हात आपटणं, उडवणं. लेई पाण्यात अखंड सोडायची नाही. दोरा ओढून काढा, फुलं सुटी करून पाण्यावर टाका, आणि दोरा बाहीत किंवा खिशात कोंबून परत आणा. कासवं तो शेवाळ समजून गिळतात.

नंतर

पुतळ्यावरच्या लेई उतरवायचं काम ज्यांचं आहे ते करतील. तुम्ही आठवण म्हणून एखादी काढून नेऊ नका. तुमच्या गळ्यातली मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. दोरा काढून फुलं झाडाच्या बुंध्याशी, नाहीतर टीची लेई तशीच फांदीवर टांगायची. हॉटेलच्या खोलीत असाल तर दारात टांगून वाळू द्या. वाळल्यावर ती तपकिरी, ताठ होते आणि महिनोन्महिने टिकते.

कुणी जेवायला बोलावलं तर जा. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. लाउलाउत डुकराचं मांस असतं, पण ते गुंडाळलेलं पान आपल्या अळूच्याच जातीचं. पोई म्हणजे त्याचा कंद शिजवून, कुटून, पाणी घालून केलेला जांभळट लगदा. बोटानंच खातात, दाट असेल तर एका बोटानं, पातळ असेल तर तिनांनी. पहिल्या घासाला बेचव लागेल, ते चेहऱ्यावर येऊ देऊ नका. हवाईयन लोक अळूला आपला थोरला भाऊ मानतात, हालोआ त्याचं नाव, आणि पोईचं भांडं उघडं असताना पानावर कुरबुर, वाद, कुणाची निंदा करायची नाही असा दंडक आहे. वर हाउपिआ मिळतो, नारळाच्या दुधाची थापलेली वडी. तो आपल्या माणसांना दोनदा वाढावा लागतो.

रिकाम्या हातानं जाऊ नका. मी नारळाच्या वड्या नेते. खोबरं सगळ्यांच्या ओळखीचं, आणि वेलदोडा कशाचा वास म्हणून विचारपूस सुरू होते. जेवण झाल्यावर खुर्च्या घडी घालायला थांबा, तिथेच खरी ओळख होते. पुढच्या वर्षी कोणत्या सकाळी कार्यक्रम आहे तेही तुम्हाला तिथेच आधी कळेल.